खरखरीचा बंदोबस्त

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या बाईंनी पतीला पूर्वसूचना न देता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत तीन चाकांची मोटारगाडी हाकीत नेली, हा प्रसंग मोटारीच्या प्रत्येक इतिहासात मोठ्या कौतुकाने वर्णिलेला असतो. परंतु त्याच सुमारास, त्याच बाडेनच्या मुलुखात, कार्ल्सरूए येथील तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हाइनरिख हर्ट्झ नावाचा, तिशी नुकतीच ओलांडलेला प्राध्यापक प्रवर्तन-वेटोळ्याच्या साहाय्याने धातूच्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून, तिच्यापासून निघालेल्या अदृश्य लहरी काही अंतरावरील तारेच्या कड्यात पकडीत होता, ही हकीकत त्या प्रसंगाच्या शेजारी कोणी मांडीत नाही. वास्तविक दोघांची सामग्री एकाच कुळातली होती. बर्थाबाईंचे पती बेंझ यांच्या इंजिनात इंधनाची वाफ पेटविण्यासाठी विद्युत्घट, थरथरणारे वेटोळे आणि ठिणगी अशीच योजना होती. हर्ट्झला लहर हवी होती आणि ठिणगी हे तिचे साधन होते. बेंझला ठिणगी हवी होती आणि लहर ही त्याला ठाऊक नसलेली तिची उपज होती. फोर्ट्सहाइमच्या वाटेवर त्या गाडीने आसमंतात लहरींचा कल्लोळ माजविला असला पाहिजे, पण तो ऐकू शकेल असे यंत्र मोजक्या प्रयोगशाळांबाहेर नव्हतेच. (बेंझचा समकालीन मोटारनिर्माता डाइमलर याने आपल्या इंजिनात ठिणगीऐवजी तापवून लाल केलेली नळी वापरली होती, या प्रकरणात तेवढा एकटा तो निर्दोष ठरतो.)

वाहनांतील विद्युच्चुंबकीय उपद्रव आणि त्याला आवर घालणारे फिल्टर यांचा इतिहास यंत्रांपेक्षा फिर्यादींचाच अधिक आहे. उपद्रव देणारी ठिणगी मोटारीच्या जन्मापासून होती. जिला तिचा ताप व्हावा अशी शेजारीण म्हणजे रेडिओ मात्र चाळीस वर्षे उशिरा आली. शेजारणीने तक्रार केली, तक्रारीची दखल घेणारे दप्तर उघडले, आणि त्यानंतर कोठे गाडीत एखादा रोध वा एखादा कंडेन्सर बसला, हाच क्रम पुढे पुनःपुन्हा घडत गेलेला दिसतो. आधी विचार करून फिल्टर बसविला आणि मग गाडी रस्त्यावर आणली, असे या व्यवसायात फार उशिरापर्यंत क्वचितच झाले.

मधल्या चाळीस वर्षांत ठिणगीचे सामर्थ्य वाढतच होते. १९०२ साली बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला; अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची प्रज्वलनपद्धती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षे तिचे राज्य चालले. आपल्याकडील गॅरेजमधला कोणताही जुना मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंटजवळचा जो डबीवजा कंडेन्सर दाखवीत असे, तो या पद्धतीचाच भाग. मात्र सुमारे पाव मायक्रोफॅरडचा तो कंडेन्सर पॉइंट जळू नयेत व कॉइलमधील चुंबकत्व झटकन कोसळावे यासाठी असतो, शेजारणीच्या सुखाशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी की १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत बिनतारी संदेशाच्या ठिणगी-प्रेषकांना, ते सगळ्या लहरपट्ट्यांत धुमाकूळ घालतात म्हणून, टप्प्याटप्प्याने बाद करण्याचा ठराव झाला, तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर लक्षावधी ठिणगी-प्रेषक चार चाकांवर बसून विनापरवाना धावत होते आणि त्यांच्याविषयी त्या ठरावात चकार शब्द नव्हता.

फिल्टरचे शास्त्र या वेळेपर्यंत जन्माला येऊन प्रौढही झाले होते, पण ते दुसऱ्या घरी वाढले होते. टेलिफोनच्या एका तारजोडीवरून एकाच वेळी अनेक संभाषणे नेण्याच्या खटपटीतून अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर या दोघांनी १९१५ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वेटोळी आणि कंडेन्सर यांच्या साखळीने विवक्षित वारंवारतेच्या लहरी पुढे जाऊ द्याव्या व बाकीच्या अडवाव्या अशी युक्ती शोधून काढली होती. तिचे मर्म शेतकऱ्याला चटकन उमजेल. पावसाळ्यात शेतात शिरणारे पाणी केवळ बांध घालून थांबत नाही. बांधाच्या अलीकडे चर खणून ते पाणी ओढ्याला परत नेऊन सोडावे लागते, तेव्हाच बांध टिकतो. फिल्टरात वेटोळे म्हणजे चोक हा बांध होय आणि कंडेन्सर हा चर होय. दोघांच्या मापांवरून छेदवारंवारता ठरते, तिच्याखालचा संथ प्रवाह निर्वेध जातो आणि तिच्यावरचा चंचल प्रवाह उगमाकडे परत वळविला जातो. नवशिका अभियंता बांध उंच करण्याच्या नादी लागतो. मुरलेला अभियंता आधी विचारतो की हे पाणी परत कोठून जाणार.

परंतु टेलिफोनच्या फिल्टरची सारी गणिते एका गृहीतावर उभी होती. तारेच्या दोन्ही टोकांना काय आहे, किती ओमचे आहे, हे तेथे ठाऊक असे, कारण दोन्ही टोके एकाच कंपनीच्या मालकीची. मोटारीत असा कोणताच हिशेब लागत नाही. बॅटरीची तार कधी एक हात लांब तर कधी तीन हात. परतीचा मार्ग म्हणजे गाडीची पत्र्याची काया, तिचे सांधे कोठे गंजलेले तर कोठे रंगाने झाकलेले. आणि इंजिन चालू, दिवे चालू, वायपर चालू अशा प्रत्येक अवस्थेत त्या जाळ्याचे गुणधर्म पालटणारे. कॅम्बेलची सूत्रे घेऊन येथे आलेल्या माणसाची अवस्था नकाशा बिनचूक असूनही मुलूख भलताच निघालेल्या मोजणीदारासारखी होई. म्हणून मोटारीतील फिल्टरची कला दीर्घकाळ गणितापेक्षा हाताच्या अनुभवावर चालली, आणि मला वाटते की तिला त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

१९३० च्या उन्हाळ्यात शिकागोचे पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला गेले, आणि रेडिओ-उत्पादकांच्या अधिवेशनात दालन घेण्याची ऐपत नसल्याने अधिवेशनाच्या बाहेरच गाडी उभी करून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना तो वाजवून दाखविला. मोटोरोला या नावाने पुढे जगभर गेलेल्या व्यवसायाचा हा आरंभ. गाडीत रेडिओ त्यापूर्वीही काही हौशी लोकांनी आणि एकदोन कंपन्यांनी बसविला होता, पण चालत्या गाडीत तो ऐकण्याजोगा वाजविणे ही खरी मेख होती, कारण दहा हजार व्होल्टांच्या ठिणग्या पाडणारे चार किंवा सहा प्लग आणि मायक्रोव्होल्टांत मोजावा असा आकाशवाणीचा क्षीण संदेश ही दोन्ही बिऱ्हाडे आता एकाच पत्र्याखाली नांदू लागली होती. इंजिन सुरू होताच कर्ण्यातून खरखर सुरू होई, वेग वाढविला की तिचा सूर चढे, आणि गाणे त्या गदारोळात बुडून जाई.

यावर तेव्हाच्या जोडणीकाराने जी तजवीज केली ती अभ्यासण्यासारखी आहे. छताचे अस्तर उसवून त्याच्या आत तारेची जाळी ताणायची, ती एरियल. प्रत्येक प्लगच्या माथ्यावर आणि डिस्ट्रिब्युटरच्या मध्यतारेत काही हजार ओमचा एकेक रोध बसवायचा. डायनमोच्या अंगावर स्क्रूने आवळून अर्ध्या मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर लावायचा, म्हणजे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर यांच्यामधल्या ठिणग्यांचा चंचल प्रवाह तेथल्या तेथे परत फिरेल. इतके करून निर्धास्त व्हावे तर रेडिओच्या पेटीतच दुसरा गुन्हेगार बसलेला. सहा व्होल्टांच्या बॅटरीतून रेडिओच्या निर्वात नळ्यांना लागणारी उच्च दाबाची वीज मिळविण्यासाठी थरथरणारी पट्टी असलेला व्हायब्रेटर त्या दशकात वापरात आला, आणि ही पट्टी दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा संपर्क जोडीत व तोडीत असल्याने तीही खरखर करी. तेव्हा रेडिओला स्वतःच्याच पोटातील उपद्रवासाठी चोक, कंडेन्सर आणि पत्र्याची वेगळी कोठडी करावी लागली.

प्लगवरच्या त्या रोधांविषयी लोकांना फार शंका असे. ठिणगी अशक्त होईल, इंजिनाची ताकद जाईल, पेट्रोल जास्त लागेल, असा प्रवाद होता, आणि तो समूळ गेला असे आजही म्हणवत नाही. वस्तुस्थिती अशी की ठिणगीचे दोन भाग असतात. ठिणगी फुटते त्या क्षणी प्लगच्या आणि तारेच्या अंगी साठलेला अत्यल्प विद्युद्भार सेकंदाच्या काही अब्जांश भागात ओतला जातो आणि त्या झटक्याचा प्रवाह क्षणभर प्रचंड असतो. त्यानंतर कॉइलमधली ऊर्जा संथपणे, सेकंदाच्या हजारांश भागाच्या हिशेबाने येते. इंधन पेटण्याला या दुसऱ्या भागाचा मोठा आधार असतो. लहरी सुटतात त्या मुख्यतः पहिल्या झटक्यातून. पाच-दहा हजार ओमचा रोध पहिल्याचा कणा मोडतो आणि दुसऱ्याला जेमतेम चिमटा काढतो. पुढच्या पन्नास वर्षांत पुष्कळ नाजूक आणि महागडे फिल्टर निघाले, पण चार आण्यांच्या या रोधाने जगाच्या कानांवर जेवढे उपकार केले तेवढे त्यांतील कोणी केले नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिर्यादी गाडीतच बसलेला होता, तोवर मामला खाजगी होता. ज्याला गाणे ऐकायचे त्याने आपल्या खर्चाने रोध बसवावे. गाडीबाहेरच्या फिर्यादीचे काय, हा प्रश्न सरकारदरबारी नेण्याची पहिली मोठी पायरी १९३४ साली पॅरिस येथे पडली, जेव्हा रेडिओ-व्यत्ययाचा विचार करणारी ‘सिस्पर’ नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्यापुढचे पहिले कोडे कायद्याचे नव्हते, मापनाचे होते. खरखर मोजायची कशी? क्षणिक उच्चांक मोजावा तर मिनिटातून एकदा होणारी ‘टक्’ आणि अखंड चाललेली खरखर सारखीच ठरते. सरासरी काढावी तर तीक्ष्ण ठिणग्या हिशेबातून निसटतात. समितीच्या तज्ज्ञांनी यावर जे मापनयंत्र ठरविले त्याचा निकष ऐकणाऱ्याचा वैताग हा होता. त्यातील कंडेन्सर एक मिलिसेकंदाच्या कालांकाने भरतो आणि त्याहून कितीतरी संथपणे, मध्यमलहरीच्या मुलुखात १६० मिलिसेकंदांच्या कालांकाने, रिता होतो. त्यामुळे विरळ आवाज थोडक्यात सुटतात आणि वरचेवर येणारे आवाज काट्याला वर चढवितात. मनुष्याच्या चिडचिडीला विद्युत्मंडलात बसवून तिचे अधिकृत माप करण्याचा हा प्रकार भौतिकशास्त्राच्या इतिहासात मला विलक्षण वाटतो. आणि नव्वद वर्षांनंतर, श्रोता बहुधा मनुष्य नसून एखादे संगणकीय यंत्र असतानाही, ते माप प्रयोगशाळांतून रुजू आहे.

बाहेरच्या फिर्यादीला खरा आवाज मिळाला तो दूरचित्रवाणीमुळे. बी.बी.सी.ने १९३६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून चित्रप्रक्षेपण सुरू केले, त्याची वारंवारता ४५ मेगाहर्ट्झ होती, आणि मोटारीची ठिणगी नेमकी त्या मुलुखात जोमदार असते. भरीत भर म्हणजे ब्रिटिश पद्धतीत संदेश जितका प्रबळ तितके चित्र उजळ, त्यामुळे रस्त्यावरून गाडी गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा वर्षाव होई. अमेरिकेने याच्या उलट पद्धती पत्करली होती, तेथे तेच ठिपके काळे उमटत आणि डोळ्यांना कमी खुपत. युद्धामुळे प्रक्षेपण बंद पडले, १९४६ साली पुन्हा सुरू झाले, आणि संच वाढताच तक्रारींची रीघ लागली. १९४९ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने सरकारला या बाबतीत नियम करण्याचा अधिकार दिला व १९५२ साली मोटारींच्या प्रज्वलनयंत्रणेपासून होणाऱ्या उपद्रवाच्या नियंत्रणाचे नियम जारी झाले. जो रोध गाडीच्या मालकाने आपल्या हौसेसाठी बसवायचा, तो आता रस्त्याकडेच्या अनोळखी घरातील माणसाच्या सोयीसाठी कारखानदाराने बसवायचा, असा हा मोठा पालट होता. अमेरिकेत प्लगच्या तांब्याच्या तारेऐवजी कार्बनयुक्त धाग्याची तार वापरात आली, म्हणजे रोध लांबीभर पसरून तारेतच मुरला. युरोपात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक आयोगाचे दहावे विनियम १ एप्रिल १९६९ पासून अमलात आले आणि आजच्या बहुतेक देशांतील वाहनविषयक नियमांचे ते मूळपुरुष ठरले.

युद्धकाळाचा एक धडा येथे सांगितला पाहिजे. अमेरिकी लष्कराच्या ज्या जीपगाड्यांत रेडिओ-उपद्रवाचा बंदोबस्त केलेला असे, त्यांच्या बॉनेटवरील क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगविलेले असे. गाडी जवळ आल्याने छावणीचा बिनतारी संच बहिरा होणार नाही, याची ती ग्वाही होती. त्या गाड्यांचे बॉनेट उघडले तर बॉनेटपासून मुख्य कायेपर्यंत विणलेल्या तांब्याच्या चपट्या पट्ट्या आढळत, आणि त्या जेथे आवळल्या असत तेथला रंग खरवडून पत्रा उघडा केलेला व दातेरी वायसर घातलेले असे. दिसायला हे लोहारकाम, पण बिजागरीच्या भरवशावर राहिलेले बॉनेट स्वतःच एरियल होऊन बसते, हे अनुभवाने शिकलेल्या माणसांनी ते केलेले होते. डायनमोवरचा तोच साधा कंडेन्सर घेऊन हिशेब करावा. त्याच्या दोन तारांची मिळून लांबी ३ सेंटिमीटर धरली तर तेवढ्या तारेचे प्रवर्तकत्व सुमारे ३० नॅनोहेन्री भरते. मध्यमलहरीवर ते फारसे नडत नाही, पण ४५ मेगाहर्ट्झवर ज्या कंडेन्सरने ओमच्या शतांशाहूनही कमी अडथळा करून उपद्रवी प्रवाहाला वाट द्यायची, तो केवळ त्या तीन सेंटिमीटर तारेपायी साडेआठ ओमचा अडथळा करतो, म्हणजे चर खणलेला असूनही त्याच्या तोंडाशीच दगड पडतो. तार कंडेन्सरच्या पोटातूनच आरपार नेऊन त्याचे अंग पत्र्यावर सभोवार आवळायचे, ही आरपार कंडेन्सरची रचना यावरचा उतारा होय. फिल्टरचे यश सूत्रापेक्षा जोडणीच्या लांबीवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागली आहे.

तोपर्यंत गाडी ही आरोपी होती. साठ-सत्तरच्या दशकांत अर्धवाहकांची उपकरणे गाडीत शिरू लागली आणि आरोपीच फिर्यादी झाला. डायनमोच्या जागी सिलिकॉन डायोडांचा आल्टरनेटर आला; चालू गाडीत बॅटरीची ढिली तार निसटली तर त्या आल्टरनेटरचा दाब १२ व्होल्टांच्या जाळ्यात क्षणभर ऐंशी-शंभर व्होल्टांपर्यंत उसळू शकतो. बल्बला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, ट्रान्झिस्टरला मात्र तो प्राणघातक. रिले सुटताना, वायपरची मोटर थांबताना, भोंगा वाजताना तारांतून कोणकोणते धक्के धावतात याची जंत्री पुढे आयएसओ ७६३७ या प्रमाणात क्रमांकवार बांधली गेली, आणि फिल्टरकाराला आता दुहेरी चाकरी करावी लागली; आतला उपद्रव बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाहेरचा आत.

या दुसऱ्या कामाची निकड कोणत्याही तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा ब्रेकांनी अधिक पटविली. अमेरिकेने १९७५ पासून मोठ्या मालमोटारींना चाक न जखडणारे ब्रेक सक्तीचे केले. त्या यंत्रणांविषयी भरवसा नसल्याच्या आणि त्यांत रेडिओ-लहरींनी व्यत्यय येत असल्याच्या तक्रारी झाल्या, आणि १९७८ साली तेथील न्यायालयाने त्या सक्तीचा गाभाच रद्द केला. जर्मनीतील कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंद आहे की चाक न जखडणारे ब्रेक प्रथम प्रचारात आले तेव्हा महामार्गाच्या एका टप्प्यावर, जवळच्या रेडिओ-प्रेषकाच्या प्रभावाने, काही मोटारींच्या ब्रेकांत गंभीर बिघाड होई, आणि तात्पुरता उपाय म्हणून रस्त्याच्या कडेने तारेची जाळी उभारावी लागली. जो बंदोबस्त ब्रेकच्या नियंत्रकपेटीत काही पैशांच्या कंडेन्सरांनी व्हायचा, तो न झाल्याने सार्वजनिक रस्त्याला कुंपण घालण्याची पाळी आली. उपद्रव जितका उगमापासून दूर अडवावा तितका तो महाग पडतो, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या वाचनात नाही.

याच काळात असेही उघडकीस आले की फिल्टर स्वतःच उपद्रवी होऊ शकतो. विद्युतदाब कमीजास्त करणारे नवे परिवर्तक सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून काम करीत, आणि त्यांच्या तोंडाशी चोक व कंडेन्सर लावणे ओघानेच येई. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या तंत्रसंस्थेतील प्राध्यापक आर. डी. मिडलब्रुक यांनी दाखवून दिले की असा परिवर्तक ठराविक शक्ती ओढतो. दाब घसरला की तो जास्त प्रवाह मागतो, म्हणजे साध्या रोधाच्या नेमके उलटे वागतो, आणि त्याच्यापुढे निष्कलंक, कमी रोधाचा फिल्टर ठेवला तर दोघे मिळून आपोआप आंदोलू लागतात. उत्तम प्रतीचा चोक आणि उत्तम प्रतीचा कंडेन्सर एकत्र आणून वाईट फिल्टर तयार होतो, हे त्या वेळी पुष्कळांना पचले नाही. उपाय म्हणजे थोडा रोध मुद्दाम घालून त्या जोडीचा उत्साह मोडणे. आजही फिल्टरच्या आराखड्यात एक मोठा, अंगी थोडा रोध असलेला कंडेन्सर दिसतो, तो काटकसरीपायी बसविलेला नसून या कामासाठी नेमलेला असतो.

१९९५ साली सिस्परने पंचवीस क्रमांकाचे प्रमाण प्रसिद्ध केले आणि गाडीतल्याच रेडिओचे गाडीतल्याच उपकरणांपासून रक्षण करण्याचे नियम प्रथमच एकत्र बांधले गेले. त्याच्या चाचणीच्या प्रयोगशाळेतील दृश्य असे असते. लहरी शोषणाऱ्या शंकूंनी भिंती मढविलेली खोली, तीत तांब्याच्या पत्र्याचे मेज, पत्र्यापासून ५० मिलिमीटर उंचीवर हलक्या फेसाच्या ठोकळ्यांवर अंथरलेला सुमारे १७०० मिलिमीटर लांबीचा तारांचा जुडगा, आणि एक मीटरवर एरियल. बॅटरी आणि उपकरण यांच्यामध्ये ५ मायक्रोहेन्रीचे कृत्रिम जाळे असते. गाडीतील काही मीटर तारेचे ते ठराविक प्रतिनिधी. टेलिफोनवाल्यांना जे सुख आयते लाभले होते, म्हणजे टोकाला काय आहे हे ठाऊक असणे, ते मोटारवाल्यांनी ऐंशी वर्षांनी करार करून मिळविले. रक्षण बहुतांशी रेडिओचेच असल्याने परिवर्तकाची उघडझापही रेडिओच्या सोयीने ठरू लागली. ती मध्यमलहरीच्या पट्ट्याखाली ४०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी किंवा पट्ट्यावर २ मेगाहर्ट्झच्या पलीकडे न्यावी, मधल्या मुलुखात पाऊल टाकू नये, असा संकेत रूढ झाला.

मग विजेवर चालणारी गाडी आली. तिच्यात प्लग नाही, पॉइंट नाही, त्यामुळे भोळ्या माणसाला वाटावे की खरखरीचा वंशच बुडाला. प्रत्यक्षात शेकडो व्होल्टांचा दाब अत्यल्प काळात जोडणारा आणि तोडणारा तिचा इन्व्हर्टर मध्यमलहरीच्या पट्ट्यात पूर्वीच्या चार प्लगांना लाजवील असा गोंधळ घालू शकतो. शिवाय उच्च दाबाचे मंडल सुरक्षिततेसाठी गाडीच्या कायेपासून अलग ठेवावे लागत असल्याने कायेकडे जाणारे कंडेन्सर हवे तेवढे मोठे करण्याचीही मुभा नसते. जड तारांना जाळीचे कवच, फेराइटची कडी, सामाईक प्रवाहासाठी दुहेरी गुंडाळीचा चोक असे उपाय आहेत, पण ते वजन आणि पैसा मागतात. त्यावर काही उत्पादकांनी सोपी वाट काढली. बीएमडब्ल्यूच्या आय३ गाडीतून मध्यमलहरीचा रेडिओच काढून टाकला गेला, आणि २०२३ साली फोर्डनेही तसा बेत जाहीर करून, अमेरिकी काँग्रेसमध्ये ओरड होताच मागे घेतला. त्याच वर्षी प्रत्येक गाडीत हा रेडिओ सक्तीने ठेवावा अशा आशयाचे विधेयक तेथे मांडले गेले. फिर्यादीला हद्दपार करून फिर्याद निकालात काढण्याचा हा मार्ग मला तरी अप्रामाणिक वाटतो. वादळात मोबाइलचे मनोरे आडवे होतात तेव्हा मध्यमलहरीच शिल्लक राहते, हे किनारपट्टीच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यानंतर ज्यांनी चाळीच्या सज्जाला एरियल बांधून कृष्णधवल चित्रे पाहिली, त्यांना खालून स्कूटर गेली की पडद्यावर सरसर उमटणारे ठिपक्यांचे पट्टे आठवत असतील. त्यांची फिर्याद ऐकून घेणारे दप्तर त्या वेळी कोठे सापडत नसे. पुण्यात टेकडीच्या कुशीत १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय वाहन संशोधन संस्थेत आता या विषयाची सुसज्ज प्रयोगशाळा आहे, आणि एआयएस-००४ या भारतीय प्रमाणाच्या कसोटीला गाडी उतरल्याशिवाय ती विक्रीस येत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमांपायी दुचाकींतही कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी संगणकीय पेटी बसली, म्हणजे नवी शेजारीण आता ठिणगीपासून हातभर अंतरावर, त्याच सीटखाली राहावयास आली आहे. म्हणून वाचकांना एक विनंती. गाडीचा प्लग बदलताना मिस्त्री स्वस्तातला किंवा ‘जास्त पिकअप देणारा’ प्लग पुढे करील, तेव्हा जुन्या प्लगच्या क्रमांकात रोध दर्शविणारे ‘आर’ हे अक्षर आहे का ते पाहावे, आणि असेल तर नव्यातही ते असल्याखेरीज प्लग बसवू देऊ नये.